त्या दिवशी ५ वाजून ४७ मिनिटांनी

८ जानेवारी २०१४. संध्याकाळी ५ वाजून ४७ मिनिटांनी न्यूयॉर्कमध्ये एका मराठी अधिकाऱ्याचं कायद्यापुढचं स्थानच पालटलं. मुंबईत एमबीबीएस करून परराष्ट्र सेवेत गेलेल्या देवयानी खोब्रागडे तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासात उपमहावाणिज्यदूत होत्या. घरकामाला नेलेल्या बाईंच्या व्हिसासाठी पगाराची खोटी माहिती दिली, या आरोपावरून १२ डिसेंबरला त्यांना अटक झाली होती. आरोप त्यांनी नाकारला. वाणिज्यदूताला संरक्षण मिळतं ते फक्त कचेरीच्या कामापुरतं, म्हणून ही अटक शक्य झाली. मग भारताने त्यांना त्याच शहरात, संयुक्त राष्ट्रांमधल्या आपल्या कार्यालयात नेमलं. त्या संध्याकाळी अमेरिकेची मान्यता मिळाली आणि संपूर्ण राजनैतिक संरक्षण लागू झालं. दुसऱ्या दिवशी आरोपपत्र आलं, त्याच रात्री त्या मायदेशी निघाल्या. १२ मार्चला न्यायालयाने ते आरोपपत्र रद्द केलं. आरोप खरा की खोटा, हे तपासलंच नाही. आरोपपत्र दाखल झालं तेव्हा संरक्षण होतं, एवढंच पाहिलं. दोन दिवसांत सरकारी वकिलांनी नवं आरोपपत्र आणलं!

मला थक्क करणारी गोष्ट पुढेच आहे. हे संरक्षण त्या माणसाच्या मालकीचं नसतंच, ते त्याला नेमणाऱ्याचं असतं. खोब्रागडेंचं संरक्षण काढून घ्या, अशी विनंती अमेरिकेने भारताला केली होती. भारताने ती नाकारली. संयुक्त राष्ट्रांच्या कर्मचाऱ्यांबाबत १९४६ च्या करारात तर, न्यायाच्या आड येत असेल तिथे संरक्षण काढून घेणं हा सरचिटणीसांचा अधिकारच नव्हे, कर्तव्यही आहे, असं लिहिलंय.

संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांचं प्रकरण याहून अवघड. पेणजवळच्या रामवाडीतला एखादा जवान निळी टोपी घालून काँगोत गेला, असं धरून चालू. तिथे त्याच्यावर अत्याचाराचा आरोप झाला, तरी काँगोचं न्यायालय त्याच्यावर खटला चालवू शकत नाही. संयुक्त राष्ट्रं त्याला फार तर परत पाठवू शकतात. २०१६ च्या ठरावानुसार अख्खी तुकडीसुद्धा. २००७ मध्ये हैतीतून श्रीलंकेचे शंभराहून जास्त सैनिक असेच परत पाठवले गेले. पण शिक्षा? ती फक्त मायदेश देऊ शकतो. आपला १९५० चा लष्कर कायदा जवानाबरोबर थेट विषुववृत्तापर्यंत जातो. एरवी नागरिकावरच्या बलात्काराचा खटला साध्या न्यायालयात चालतो. जवान परदेशात असेल तर तोच खटला लष्करी न्यायालय चालवू शकतं.

म्हणजे अधिकार आहे, कायदा आहे. अडतं ते अंतरामुळे. तक्रार करणारी बाई आणि साक्षीदार काँगोत, खटला हजारो किलोमीटर दूर. जॉर्डनच्या झैद राद अल हुसेन यांनी संयुक्त राष्ट्रांसाठी केलेल्या २००५ च्या अहवालात साधा उपाय सुचवला होता: लष्करी न्यायालय गुन्हा घडला तिथेच बसवावं. आपण वर्षानुवर्षं इतके सैनिक पाठवत आलो आहोत, तर हे भारताने करून दाखवावं. तशी मागणी आपल्या खासदाराकडे करायला आपल्याला कोणाची परवानगी लागत नाही.