पैसे घ्यायला पिन लागत नाही! जुनी वस्तू ऑनलाइन विकण्याआधी एवढं वाचा



धंदा वाढवायचा म्हटलं की जुनं काहीतरी विकावं लागतंच. छोटा डीप फ्रीजर काढून मोठा घ्यायचा असतो, घरचं शिलाई मशीन देऊन जुकी बसवायची असते, नाहीतर गाळ्याच्या डिपॉझिटसाठी गाडी काढायची असते. मग आपण ओएलएक्सवर किंवा फेसबुक मार्केटप्लेसवर चार फोटो टाकतो, आणि अर्ध्या तासात पहिला फोन येतो.

हा पहिला फोन नीट ऐका. भामटा असेल तर तो भाव करत नाही. आता तुम्हीच सांगा, कोथिंबिरीच्या जुडीला पाच रुपये कमी करायला लावणारे आपण लोक, तीन वर्षं वापरलेला फ्रीजर न बघता सांगितलेल्या किमतीला घेणारा माणूस आला कुठून? त्याला वस्तूबद्दल एकही प्रश्न नसतो. कंपनी कुठली, बिल आहे का, गॅस कधी भरला, काही नाही. त्याचा प्रश्न एकच : "आपका गूगल पे चलता है ना?"

पुढे तो सांगतो की मी फौजी आहे, बदली झाली आहे, ट्रान्सपोर्टवाला येऊन सामान नेईल. व्हॉट्सअॅपवर ओळखपत्राचा आणि कँटीन कार्डाचा फोटो येतो, कधी वर्दीतलाही. आपल्याकडे हे चटकन पटतं. सातारा-कोल्हापूरकडे घराघरात फौजी, अपशिंगे गाव तर 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच ओळखलं जातं. हाच आदर तो वापरून घेतो. पण अनोळखी माणसाला ओळखपत्र पाठवत फिरणारा जवान तुम्ही कधी पाहिलाय का?

आता पैशांचा भाग. आमच्या बॅचमधल्या एका ताई केकच्या ऑर्डर घेतात. मोठा ओव्हन घ्यायचा म्हणून जुना 14 हजारांना काढला. समोरच्याने आधी दहा रुपये पाठवले आणि ते खरंच खात्यात आले. ताईंचा विश्वास बसला. मग त्याने क्यूआर कोड पाठवला : "स्कॅन कीजिए, पूरा पैसा आ जाएगा." तो फोन ठेवतच नव्हता, सारखी घाई. ताईंनी स्कॅन केलं, पिन टाकला, 14 हजार गेले. "गलती से उल्टा हो गया मॅडम, दूसरा कोड भेजता हूँ, दोनों का साथ में आएगा." दुसरा कोड 28 हजारांचा होता. खात्यात तेवढे नव्हते म्हणून तो व्यवहार फेल झाला, नाहीतर तेही गेले असते. ओव्हन घरातच राहिला आणि नव्या ओव्हनचे पैसे गेले.

स्क्रीनवर तेव्हा 'पे' असंच लिहिलेलं असतं. पण कानाला फोन आणि डोक्यात 14 हजार, वाचतो कोण?

यूपीआय पिन लागतो तो पैसे पाठवताना, ऑटोपे मंजूर करताना आणि स्वतःचा बॅलन्स बघताना. पैसे घेताना कधीच नाही. आणि "पिन मागितला तर सावध" एवढंच लक्षात ठेवून भागत नाही, कारण यूपीआय लाइट चालू असेल तर हजार रुपयांपर्यंत पिनशिवायही जातात. म्हणून मी बॅचमध्ये सांगतो की पैसे येताना आपण फोनला हातसुद्धा लावायचा नसतो. स्कॅन नाही, लिंक नाही, "आधी एक रुपया तुम्ही टाका" नाही. आपला नंबर किंवा यूपीआय आयडी दिला की आपलं काम संपलं. (बीबीएच्या तीन वर्षांत विकायचं कसं हे खूप शिकवलं, पैसे घ्यायचे कसे हे कुणी शिकवलं नाही!)

पूर्वी पैसे मागणारी रिक्वेस्ट पाठवूनही हा खेळ चालायचा. एनपीसीआयने 1 ऑक्टोबर 2025 पासून व्यक्ती-व्यक्तींमधली ती सोय बंद केली. पण क्यूआर कोड आहेच.

दुसरा प्रकार उलटा असतो. 14 ऐवजी 24 हजार आल्याचा मेसेज येतो आणि मागोमाग फोन : "एक शून्य इकडेतिकडे झालं, दहा परत करा ना." मेसेज कुठून आलाय बघा. बँकेचा मेसेज दहा आकडी मोबाइल नंबरवरून येत नाही. स्क्रीनशॉट तर कुणीही बनवतं. दुकानात निदान साउंडबॉक्स ओरडतो, घरी विकताना तो नसतो. त्यामुळे स्वतःच्या अॅपमध्ये बॅलन्स बघायचा आणि तो वाढला असेल तरच वस्तू हलवायची. स्क्रीन शेअर करायचं अॅप टाकायला सांगितलं तर फोन तिथेच कट करा. चेक दिला तर तो वटेपर्यंत वस्तू घरातच.

तरीही कुणी फसलंच, तर लाजत बसू नका. ताबडतोब 1930 वर फोन करा, सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार टाका आणि बँकेला कळवा. घाई का, तर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळण्याआधी गोठवता आले तरच हाती लागतात. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झालेलं नुकसान बँकेला कळवेपर्यंत ग्राहकाचं, कळवल्यानंतर होणारं बँकेचं. आपणच पिन टाकला असेल तर बँक बहुतेक निष्काळजीपणाकडेच बोट दाखवते. नवऱ्याला काय सांगू, बाबा ओरडतील, यात दोन दिवस घालवू नका.

आणि आजच एक काम करा. तुमच्या जाहिरातीच्या खाली ही ओळ टाका : "वस्तू प्रत्यक्ष येऊन बघावी. पैसे जागेवर, रोख किंवा यूपीआय. कोड पाठवू नये." फोन कमी येतील. पण जो येईल तो फ्रीजरचं दार उघडून रबर दाबून बघेल, कॉम्प्रेसरला कान लावेल आणि हजार रुपये कमी करा म्हणून अर्धा तास डोकं खाईल. त्याला चहा द्या.