शेळी-मेंढी गाभडली, तर आधी दिवस मोजा



वडूजच्या बाजूला पावसाने पाठ फिरवली की ज्वारी-बाजरी हातची जाते, येरळा कोरडी पडते. पण दारची शेळी बाभळीच्या शेंगांवर, बोरीच्या पाल्यावर तग धरते आणि वेळेला दोन करडे पुढ्यात टाकते. अशी शेळी गाभडली म्हणजे नुसती करडे जात नाहीत. पाच महिन्यांची राखण जाते, त्या वेताचे दूध जाते, आणि करडे विकून जी देणी भागवायची ठरलेली असतात ती तशीच राहतात. मेंढरांच्या वाड्यात तर एकीमागून एक पाच-दहा मेंढ्यांनी गाभ टाकला की त्या घराचे वर्षच बुडाले.

मग माणूस घाईने दवाखान्यात येतो. म्हणतो, "डॉक्टर, शेळी गाभडली. काहीतरी औषध द्या." त्याला विचारावे, "कितव्या महिन्यात?" तो बायकोकडे बघतो, बायको पोराकडे बघते, आणि उत्तर येते, "असंल तिसरा-चौथा." इथेच गाडी अडते. गाभ कितव्या महिन्यात गेला, हाच या तपासाचा पहिला धागा आहे. तोच हातात नसेल, तर पुढची औषधे म्हणजे अंधारात मारलेले दगड.

तेव्हा आधी हिशेब बघू. शेळीचा गाभणकाळ साधारण दीडशे दिवसांचा. पाच दिवस अलीकडे, पाच दिवस पलीकडे. मेंढीचा दोन-तीन दिवस कमी, म्हणजे एकशे सत्तेचाळीसच्या आसपास. गाईचे नऊ महिने नऊ दिवस, म्हशीचे दहा महिने दहा दिवस आपल्या आज्यांना तोंडपाठ असत. डुकरे पाळणारे तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस असे मोजतात, म्हणजे एकशे चौदा दिवस. शेळी-मेंढीचा हिशेब मात्र "पाच महिने" एवढ्यावरच सोडून दिलेला असतो.

पण मोजायला कॅलेंडरच लागते असे नाही. येरळेकाठच्या एका मेंढपाळ बाईंनी मला सांगितले, "आमचं पाच आवसांचं गणित." घरी येऊन मी आकडे मांडून पाहिले. एका अमावास्येपासून दुसरीपर्यंत साडेएकोणतीस दिवस. पाचपट केले की जवळजवळ एकशे अठ्ठेचाळीस. मेंढीचा काळ नेमका हाच! म्हणजे आषाढी एकादशीला फळलेली मेंढी मार्गशीर्ष शुद्ध एकादशीच्या आगेमागे व्याली पाहिजे. शेळीला त्यावर दोन-तीन दिवस द्यावेत. मध्ये अधिक महिना पडला तर तोही मोजावा, नाहीतर वेळेवर व्यालेली मेंढी महिनाभर आधी व्याल्यासारखी वाटेल आणि घरात उगीच घबराट होईल.

आता फळल्याची तिथी कळायची कशी? घरी दोन शेळ्या असतील तर बोकडाकडे नेली तो दिवस भिंतीवर कोळशाने लिहून ठेवावा. कळपात नर मोकळाच हिंडतो, तिथे एक सोपी युक्ती आहे. गेरू तेलात कालवून मेंढ्याच्या छातीला चोपडावा. तो जिच्यावर चढेल तिच्या माकडहाडाजवळ तांबडा डाग उठतो. दोन-तीन दिवसांनी लेप पुन्हा द्यावा. सतरा दिवसांनी रंग बदलावा, कारण मेंढी गाभण राहिली नाही तर साधारण तेवढ्या दिवसांनी पुन्हा माजावर येते. शेळीला अठरा ते एकवीस दिवस लागतात. तांबड्या डागावर निळा डाग उठला की समजावे, ही उलटली.

आणि तांबड्यावर निळा डाग निम्म्या कळपावर दिसला तर? तर बायांना दोष देऊ नका, नराकडे बघा. कडक उन्हात नराचे बीज बिघडते आणि नवे बीज तयार होऊन यायला जवळजवळ सात आठवडे लागतात. म्हणजे मे महिन्यात तापलेला मेंढा मृगाच्या सरी पडल्यावर दिसायला ताजातवाना, पण कामाला कच्चा असू शकतो. त्याचे अंड हाताने चाचपून पाहावे. एक मोठे एक लहान, सुजलेले, गरम, गाठाळ लागले तर त्याला कळपातून बाजूला काढावे. एकच बोकड वर्षानुवर्षे ठेवून त्याच्याच पाठी त्याच्याकडून भरवून घेतल्या, तरी गाभ न राहणे आणि अशक्त करडे होणे हे भोग येतात. नर दोन वर्षांनी बदललेला बरा.

उलटणे ही झाली पहिल्या महिन्यातली गोष्ट. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात गाभ गेला, तर बहुधा मार, धक्का, उपासमार किंवा औषध यांकडे बोट जाते. शेळी या बाबतीत मेंढीपेक्षा नाजूक. मेंढीमध्ये दुसऱ्या महिन्यानंतर गाभ धरून ठेवण्याचे काम वार सांभाळते. शेळीमध्ये ते शेवटपर्यंत अंडाशयावरच अवलंबून असते. म्हणून शिंगाची ढुशी, टेम्पोत कोंबून केलेला प्रवास, चार दिवसांची उपासमार शेळीला लवकर भोवते. औषधांचेही तसेच. जंतासाठी सर्रास पाजले जाणारे अल्बेंडाझोल पहिल्या महिना-दीड महिन्यात देऊ नये. सुजेवर, लंगडण्यावर दिली जाणारी स्टेरॉईडची सुई शेवटच्या महिन्यात दिली तर शेळी दिवस भरण्याआधीच मोकळी होऊ शकते. इंजेक्शन देणारा कोणीही असो, "गाभण आहे" हे आधी सांगायचे. त्याने विचारले नाही म्हणून गप्प बसायचे नाही.

शेवटच्या दीड महिन्याची गोष्ट मात्र निराळी, आणि खरी सावधगिरी इथेच हवी. पोटातल्या पिलाचे सुमारे दोनतृतीयांश वजन याच सहा आठवड्यांत वाढते. जानेवारीत फळलेली शेळी जूनमध्ये विते. म्हणजे तिचे हे सहा आठवडे एप्रिलअखेरीस सुरू होतात, जेव्हा माण-खटावात बांधावर हिरवे पानही नसते. पोटात एकच करडू असेल तर ती कशीबशी निभावते. जुळी असतील तर ती अंगची चरबी जाळते, मलूल होते, खाणे सोडते, एकटी उभी राहते, आणि कधी पिलांसकट जाते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या गरोल मेंढीचा जुळे देणारा गुण दख्खनी मेंढीत आणून 'नारी सुवर्णा' मेंढी तयार केली. गुण चांगलाच. पण दोन कोकरांची मेंढी एका कोकराच्या चाऱ्यावर ठेवायची म्हणाल तर जमणार नाही. या दिवसांत मूठ-दोन मूठ भरडा आणि थोडी पेंड हा लाड नव्हे.

खाणेपिणे नीट असून चौथ्या-पाचव्या महिन्यात गाभ पडला, आणि एकीनंतर दुसरी, दुसरीनंतर तिसरी गाभडली, तर मात्र रोगाचा संशय घ्यायचा. रोग अनेक आहेत. बुरशी लागलेल्या मुरघासातून येणारा लिस्टेरिया, मांजराच्या विष्ठेतून चाऱ्यात जाणारा टोक्सोप्लाझ्मा, क्लॅमिडिया, क्यू ताप. पीपीआर, लाळ-खुरकूत किंवा नीलजिव्हा यांच्या तापातही गाभ पडतो. चिलटांमार्फत पसरणाऱ्या नीलजिव्हेची भारतातली पहिली नोंद १९६४ साली आपल्या महाराष्ट्रातलीच. पण ज्याचे नाव प्रत्येक शेळीवाल्याला माहीत असायला हवे, असा रोग म्हणजे ब्रुसेलोसिस, ज्याला आपण सांसर्गिक गर्भपात म्हणतो.

याची कथा सांगण्यासारखी आहे. भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटावर इंग्रज शिपाई महिनोन्महिने तापाने झुरत. ताप चढे, उतरे, पुन्हा चढे. १८८७ साली डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरने त्याचा जंतू शोधला. पण तो येतो कोठून, हे कळायला आणखी अठरा वर्षे लागली. १९०५ साली झॅमिट या माल्टाच्याच डॉक्टरने बेटावरच्या शेळ्यांचे रक्त तपासले. शेळ्या दिसायला धडधाकट. पण जंतू त्यांच्यात होता आणि दुधातून बाहेर पडत होता. १९०६ मध्ये छावणीत शेळीचे दूध बंद झाले आणि तापाचे रोगी झपाट्याने घटले.

यातली 'दिसायला धडधाकट' ही गोष्ट ध्यानात ठेवा. ब्रुसेलाची शेळी बहुधा एकदाच गाभडते. पुढच्या वेताला ती नीट विते आणि मालक म्हणतो, "बरी झाली." ती बरी झालेली नसते. तिच्या दुधातून आणि व्याल्यानंतरच्या स्रावातून जंतू पडतच राहतात. अशी शेळी बाजारात विकली की रोग दुसऱ्याच्या गोठ्यात गेला.

आणि माणसाच्या अंगात गेला तर? गाभडलेले पिलू आणि वार उघड्या हाताने ओढणारे, गोठा झाडणारे, न उकळलेले दूध पिणारे, या सगळ्यांना धोका आहे. घराघरांत हे काम बायकाच करतात. येऊन-जाऊन ताप, रात्रीचा घाम, कंबर आणि सांधे धरणे, पुरुषांत अंडाला सूज, अशी लक्षणे महिनाभर रेंगाळली तर डॉक्टरांना "आमच्या शेळ्या गाभडल्या होत्या" हे एक वाक्य जरूर सांगा. तेवढ्यावरून ते योग्य रक्त तपासतील. उपचार आहे, दोन औषधे मिळून सहा आठवडे घ्यावी लागतात, आणि बरे वाटले म्हणून मध्येच सोडली तर ताप परत येतो.

गाभडलेली करडे ओढ्यात टाकणे, कुत्र्याला घालणे, उकिरड्यावर फेकणे हे सगळे बंद करा. कुत्रे ती घेऊन गावभर फिरते आणि रोगही त्याच्याबरोबर फिरतो. नजर लागली म्हणून कोणी लिंबू-मिरची बांधली, तर माझी काही तक्रार नाही. पण लिंबू बांधण्याआधी वार पुरा. हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधावी, कमरेइतका खड्डा घ्यावा, वर चुना टाकावा. ती जागा धुऊन तिथेही चुना मारावा. गरोदर बाईने हे काम करू नये.

मात्र पुरण्याआधी एक करा. तपासणीसाठी पिलू आणि वारेचा तुकडा दुहेरी पिशवीत घालून, बर्फाच्या डब्यात ठेवून, तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पोहोचवा. गोठवू नका, नुसते गार ठेवा. तिथून नमुने पुण्याच्या औंधमधल्या रोग अन्वेषण विभागाकडे जातात. आपल्या खटाव तालुक्यातले औंध नव्हे! नाव ऐकून कोणी यमाईच्या डोंगराकडे डबा घेऊन निघायला नको. जायची सोय नसेल तर १९६२ या क्रमांकावर फोन करावा. शिरवळला आपल्याच जिल्ह्यात पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे. शेळीचे रक्तही द्यावे. त्यातल्या पाण्याचा एक थेंब गुलाबी औषधाच्या थेंबात मिसळतात. चार मिनिटांत कण गोळा झाले तर ब्रुसेलाचा संशय पक्का धरतात आणि पुढची तपासणी करतात. गाई-म्हशींच्या चार ते आठ महिन्यांच्या कालवडी-पारड्यांना सरकारी मोहिमेत ब्रुसेलाची लस टोचतात, २०१९ पासून ही मोहीम देशभर आहे. दारात गाय असेल तर ती चुकवू नका.

आता उलट प्रकार: दिवस भरले, पण शेळी वितच नाही. अशा वेळी दहातले आठ वेळा चूक शेळीची नसते, मोजणीची असते. पहिल्या माजाला धरलेलीच नसते, तीन आठवड्यांनी पुन्हा फळलेली असते. हिशेब पक्का असेल आणि एकशे पंचावन्न दिवस उलटून गेले, तर मात्र दाखवावी. कधी पोटातले पिलू मरून सुकून गेलेले असते. कधी शेळीत 'खोटा गाभ' असतो: माज थांबतो, पोट वाढते, कासही थोडी भरते, आणि एके दिवशी भसकन पाणी जाऊन पोट रिकामे होते. मालकाला वाटते करडू कोणी पळवले! करडू कधी नव्हतेच. यावर इलाज आहे, आणि पुढे अशी शेळी नीट गाभणही राहू शकते. खोटा की खरा हे सोनोग्राफीत लगेच दिसते, तेव्हा अंदाजाने सुई देऊ नये. तीच सुई खऱ्या गाभणीला दिली तर गाभ पडतो.

पाणमोट फुटून तासभर झाला, शेळी कळा देते आहे, आणि पिलू पुढे सरकत नाही, तर थांबू नका. पण पान्ह्याचे इंजेक्शन स्वतः टोचू नका. तोंड उघडलेले नसताना ते दिले तर पिशवी फाटते. पिलू आडवे असेल तर ते आधी हाताने सरळ करावे लागते, आणि ते जाणत्याचे काम आहे.

गाभडलेली शेळी निदान तीन आठवडे वेगळी बांधा. तिचे दूध उकळल्याशिवाय घरात किंवा करडांना देऊ नका. तीन आठवड्यांनी तिचे रक्त पुन्हा तपासायला द्या, कारण गाभडल्याबरोबर घेतलेले रक्त कधीकधी निर्दोष दिसते आणि दुसऱ्या खेपेला रोग उघड होतो. पहिल्या रक्ताची तारीखही भिंतीवर, फळल्याच्या तारखेखालीच लिहून ठेवा.