शोधायला गेले एक, सूर्याने दिलं दुसरंच

बसा निवांत, ही घाईने सांगायची गोष्ट नव्हे. जर्मनीतल्या देसाऊ गावात हाइनरिख श्वाबे नावाचा एक माणूस होता. घरचं औषधांचं दुकान होतं, बरं चाललेलं, पण गड्याला नाद आकाशाचा. बुधाच्याही आत, सूर्याला खेटून एखादा ग्रह फिरत असेल, तर तो कधी ना कधी काळा ठिपका होऊन सूर्यबिंबावरून सरकताना दिसेलच, असा त्याचा हिशेब. आता सूर्यावर मुळात काळे डाग असतातच, एखादा तर असा की आख्खी पृथ्वी त्यात मावावी, मग त्या गर्दीत आपला ग्रह ओळखायचा कसा? म्हणून १८२६ पासून, आभाळ मोकळं असेल त्या प्रत्येक दिवशी, हा बाबा दुर्बिणीला काळी काच लावून डाग मोजायला बसला (उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे बघू नका हो, कायमची दृष्टी जाते), आणि तीन वर्षांत त्या नादापायी दुकानही विकून मोकळा झाला. ग्रह काही सापडला नाही, कारण तो नव्हताच. पण १८४३ साली जुन्या नोंदी चाळताना त्याला दिसलं की डाग रहाटगाडग्यासारखे ठरल्या वेळाने भरतात आणि रिते होतात. त्याने दहा वर्षं म्हटलं, पुढे खगोलशास्त्रज्ञ रुडॉल्फ वोल्फने मोजून ती अकरा केली.

मग गंमत अशी झाली, की जुनी दप्तरं उलगडू लागल्यावर १६४५ ते १७१५ या सत्तर वर्षांत डाग जवळजवळ नाहीतच असं निघालं. ग्रीनिच वेधशाळेच्या एडवर्ड माँडर यांनी हे हिरिरीने मांडलं, पण फारसं कुणी मनावर घेतलं नाही. त्या काळच्या लोकांनी नीट बघितलंच नसेल, असं म्हणून सोडून दिलं. अखेर १९७६ साली अमेरिकेतल्या जॉन एडी यांनी साक्षीला झाडं उभी केली. ते कसं, तर अंतराळातून येणारे किरण हवेवर आदळले की कार्बन-१४ तयार होतो, तो झाडं हवेतून घेऊन खोडात साठवतात. सूर्य जोरात असला, म्हणजे डाग भरपूर असले, की त्याचं चुंबकीय कवच हे किरण अडवतं. तो निजला की किरण जास्त येतात आणि त्या सालच्या वलयात कार्बन-१४ जास्त भरतो. त्या सत्तर वर्षांच्या लाकडात तो भरपूर सापडला! अशाच वलयांतून पुढे सुमारे दोनशे वर्षांचा आणखी एक संथ फेरा असल्याच्या खुणाही मिळाल्या.

डाग नसलेल्या त्याच सत्तर वर्षांत युरोप कुडकुडत होता. १६८३-८४ च्या हिवाळ्यात लंडनची थेम्स नदी अशी गोठली, की बर्फावर दुकानं लागली आणि छापखानासुद्धा चालला. पण सगळं खापर सूर्यावर फोडू नका. गारठा आधीपासूनच पडू लागला होता, ज्वालामुखींच्या उद्रेकांनी ऊन अडलं होतं, आणि लंडनच्या जुन्या पुलाच्या अरुंद कमानी पाणी तुंबवत होत्या. डाग भरात असताना सूर्य उलट किंचित जास्तच तळपतो, कारण डागांभोवतीचे उजळ पट्टे काळोखाची भरपाई करून उरतात. पण फरक केवढा, तर हजारात एक भाग. तेवढ्याने पृथ्वीचं तापमान अंशाच्या दहाव्या भागाएवढं हलतं. १९८० नंतर तर सूर्य थोडा मंदावलाच आहे आणि पृथ्वी मात्र तापतेच आहे. ते काम आपल्या कोळशा-तेलाच्या धुराचं, त्यात मला तिळमात्र शंका नाही.

आपल्या दख्खनलाही या डागांनी ओढून घेतलं होतं. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात सोलापूर, नगरपासून थेट मद्रासपर्यंत माणसं अन्नावाचून तडफडून मेली. तेव्हा विल्यम हंटर या ब्रिटिश अधिकाऱ्याने मांडलं, की डाग कमी झाले की मद्रासचा पाऊस आटतो. हे खरं ठरलं असतं तर दुष्काळ आधीच कळला असता, किती जीव वाचले असते! त्या आशेचा सूर्याची वेधशाळा मागणाऱ्यांना मोठा आधार झाला, आणि १८९९ साली कोडाईकनालच्या डोंगरावर ती उभी राहिली. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये प्राध्यापक नाएगामवालांनी उभारलेली वेधशाळा १९१२ साली बंद झाली, तेव्हा तिथली मोठी दुर्बीणही याच डोंगरावर गेली.

पावसाचं भाकीत काही हाती लागलं नाही. मोसमी वाऱ्यांना समुद्राचं, हिमालयाचं, कितीतरी गोष्टींचं ऐकावं लागतं. पण १९०९ च्या जानेवारीत खगोलशास्त्रज्ञ जॉन एव्हरशेड यांना कोडाईकनाललाच दिसलं, की डागाच्या गाभ्याकडून कडेकडे वायू सेकंदाला दोनेक किलोमीटर वेगाने वाहतो. आणि १९०४ पासून ढग नसतील त्या दिवशी काचेच्या पट्टीवर सूर्याचा फोटो घेण्याचा जो रिवाज तिथे पडला, त्यातून शंभराहून जास्त वर्षांचा सूर्य साठला. एक फेरा जोरदार आणि दुसरा मरगळलेला का येतो, हे शोधणारे अभ्यासक आज त्याच काचा तपासतात.