आपोआप दुरुस्त झाले. पण मोजले कसे?

फलटण तालुक्यात नीरा उजव्या कालव्याच्या पट्ट्यात उसाच्या शेतांतून फिरताना विहिरीवरच्या मोटरीच्या पेटीत एक लहानसे उपकरण पुष्कळदा दिसते. शेतकरी त्याला 'ऑटो स्विच' किंवा नुसते 'ऑटो' म्हणतात. वीज गेली की मोटर बंद पडते आणि वीज परत आली की हा स्विच ती आपोआप सुरू करतो. शेतीच्या वाहिनीला काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री वीज, हे वेळापत्रक वर्षानुवर्षे चालत आलेले आहे. अलीकडे सौर प्रकल्पांमुळे काही भागांत दिवसा वीज मिळू लागली आहे. पण ज्याला मध्यरात्री हातात बॅटरी घेऊन, साप-विंचवाची भीती बाळगत विहिरीवर जावे लागले आहे, त्याला या स्विचचे मोल वेगळे सांगायला नको.

आता एक प्रश्न विचारू या. हा स्विच उपयोगी आहे का? आपण कोठे उभे राहून मोजतो, यावर त्याचे उत्तर ठरते.

विहिरीवर उभे राहून पाहिले तर उत्तर 'हो' असेच येईल. डीपीजवळ, म्हणजे रोहित्रापाशी, उभे राहून पाहू. पाच अश्वशक्तीची मोटर चालू असताना साधारण ७ अँपिअर प्रवाह घेते. परंतु सुरू होण्याच्या क्षणी ती त्याच्या पाच ते सात पट प्रवाह ओढते. समजा, एका १०० केव्हीएच्या रोहित्रावर अशा १५ मोटरी आहेत. सर्व चालू असताना लागणारा प्रवाह १०५ अँपिअर. रोहित्राची क्षमता सुमारे १३३ अँपिअर असल्यामुळे काही अडचण नाही. पण वीज आल्याबरोबर १५ ऑटो स्विचांनी १५ मोटरी एकदम सुरू केल्या, तर सहापट धरून ६३० अँपिअरची मागणी येते. दाब घसरतो, दाब घसरल्यामुळे मोटरींना वेग घ्यायला अधिक वेळ लागतो, आणि शेवटी फ्यूज उडतो किंवा रोहित्र जळते. फ्यूज बदलून वीज पुन्हा सोडली की पुन्हा तेच. म्हणूनच महावितरण शेतकऱ्यांना ऑटो स्विच काढून कॅपॅसिटर बसवण्याचे आवाहन वारंवार करीत आले आहे.

प्रत्येक स्विच आपले काम चोख करतो आणि तरी सर्वांची वीज जाते. स्वयंचलित व्यवस्थेचे यश कसे मोजावे, हा प्रश्न म्हणूनच दिसतो तितका सोपा नाही. आज हा प्रश्न सर्वांत तीव्रपणे कोणापुढे असेल, तर तो मोठमोठ्या संगणकयंत्रणा चालवणाऱ्यांपुढे.

संगणकखोलीतले ऑटो स्विच

बँकेचा व्यवहार, रेल्वेचे आरक्षण, ऑनलाइन सात-बारा, या सर्वांमागे सर्व्हर, म्हणजे सेवा पुरवणारे संगणक, रात्रंदिवस चालू असतात. पूर्वी त्यांच्यावर माणसे पाळीपाळीने लक्ष ठेवीत. आता यंत्रांची संख्या इतकी वाढली आहे की लक्ष ठेवण्याचे कामही प्रोग्रॅमकडेच सोपवले जाते. बंद पडलेला प्रोग्रॅम पुन्हा सुरू करणे, साठवणुकीची जागा भरत आली की जुन्या नोंदी हलवणे, एक यंत्र बिघडले की काम दुसऱ्याकडे वळवणे ही कामे तो आपोआप करतो. जमले नाही तर कामावरच्या अभियंत्याला फोन करून झोपेतून उठवतो.

अशी व्यवस्था बसवायला खर्च येतो. साहजिकच वर्षाअखेर विचारणा होते, की तिचा उपयोग किती झाला? या प्रश्नाला बहुधा एकच आकडा उत्तर म्हणून पुढे येतो. तो म्हणजे एक बिघाड दुरुस्त व्हायला लागणारा सरासरी वेळ.

सरासरीची फसगत

एक कल्पित उदाहरण घेऊ. एका संस्थेच्या संगणकयंत्रणेत महिन्याला १०० बिघाड होतात. त्यांपैकी ८० किरकोळ; प्रत्येकाला १० मिनिटे लागतात. उरलेले २० गंभीर. प्रत्येकाला १०० मिनिटे लागतात. एकूण वेळ ८०० अधिक २०००, म्हणजे २८०० मिनिटे. सरासरी २८ मिनिटे.

आता स्वयंचलित व्यवस्था आली. किरकोळ ८० बिघाड ती प्रत्येकी १ मिनिटात मिटवते. गंभीर २० मात्र पूर्वीप्रमाणेच माणसांकडे येतात. एकूण वेळ ८० अधिक २०००, म्हणजे २०८० मिनिटे. वापरणाऱ्यांचा खोळंबा सुमारे २६ टक्क्यांनी कमी झाला, हे खरे चित्र.

पण सरासरी काय सांगते? अभियंत्यांनी हाताळलेलेच बिघाड धरले, तर उरले २० आणि सरासरी झाली १०० मिनिटे! सोपे काम यंत्राने उचलल्यामुळे माणसांची कामगिरी साडेतीन पटींनी बिघडल्यासारखी दिसते. सर्व १०० बिघाड धरले, तर सरासरी २०.८ मिनिटे येते. आता व्यवस्था विकणाऱ्याने आणखी एक युक्ती केली असे समजा. दुर्लक्ष केले तरी चालले असते अशा ९०० फुटकळ इशाऱ्यांनाही त्याने 'बिघाड' म्हणून नोंदवले आणि प्रत्येक इशारा १ मिनिटात 'मिटवला'. बिघाड झाले १०००, एकूण वेळ २९८० मिनिटे, सरासरी ३ मिनिटांहूनही कमी! शिवाय 'हजारांपैकी ९८० बिघाड, म्हणजे ९८ टक्के, आपोआप सुटले' असे अहवालात छापता येते.

वस्तुस्थिती एकच, तिची सरासरी १००, २०.८ किंवा ३. छेदात काय धरायचे, हे ठरवणाऱ्याच्या हाती उत्तर असते. शिक्षकांना हे नवे नाही. नववीत कच्च्या मुलांना मागे ठेवले की दहावीचा निकाल शंभर टक्के लागतो. त्या आकड्यावरून शाळेत शिकवणे सुधारले की छेद बदलला, हे कळत नाही. मोजमाप हेच एकदा उद्दिष्ट झाले की ते मोजमाप म्हणून निकामी होऊ लागते, हे निरीक्षण चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखले जाते.

९९.९ टक्के म्हणजे किती?

दुसरा लोकप्रिय आकडा म्हणजे 'आमची सेवा वर्षातला ९९.९ टक्के वेळ चालू होती'. वर्षाची मिनिटे ५,२५,६००. त्यांचा हजारावा भाग म्हणजे सुमारे ५२६ मिनिटे, जवळजवळ पावणेनऊ तास. ९९.९९ टक्के म्हणजे वर्षात सुमारे ५३ मिनिटे बंद. विद्यार्थ्यांकडून हा गुणाकार जरूर करून घ्यावा. शतमानातल्या एका दशांश स्थळाने केवढा फरक पडतो हे त्यांना पटते.

मात्र ही मिनिटे केव्हाची, हे या आकड्यात येत नाही. १६ जुलै २०२१ रोजी दुपारी १ वाजता दहावीचा निकाल ऑनलाइन जाहीर झाला आणि निकालाची संकेतस्थळे काही तास उघडेचनात. राज्यभर पंधरा लाखांहून अधिक विद्यार्थी वाट पाहत होते. एखादे संकेतस्थळ वर्षात फक्त पाच तास बंद राहिले असे समजा. टक्केवारी येईल ९९.९४. पण ते पाच तास निकालाच्या दुपारचे असतील, तर त्या संकेतस्थळाने आपले एकमेव महत्त्वाचे काम केले नाही, असेच म्हणावे लागेल. म्हणून मिनिटे मोजताना त्या वेळी किती माणसे खोळंबली, या संख्येने गुणणे आवश्यक असते. रात्री ३ वाजता १० माणसांचा एक तास आणि दुपारी १ वाजता दहा लाख माणसांचा एक तास यांना एकाच मापाने तोलता येत नाही.

अशा प्रसंगी आणखी एक गोष्ट घडते. पान उघडले नाही की आपण पुन्हा कळ दाबतो. पुष्कळ प्रोग्रॅमही उत्तर न मिळाल्यास आपोआप पुन्हा मागणी करतात. लाखो मागण्या एकदम आल्या की नुकता सावरू लागलेला सर्व्हर पुन्हा आडवा होतो. ही १५ मोटरींचीच गोष्ट! उपायही सारखाच आहे. प्रत्येकाने एकाच क्षणी उठू नये; थोडे थांबावे, थांबण्याचा काळ प्रत्येकाचा वेगळा असावा, आणि दर अपयशानंतर तो वाढवावा.

वेळेचे तुकडे पाडा

२४ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारातील व्यवहार सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबले आणि दुपारी ३ वाजून ४५ मिनिटांनी पुन्हा सुरू झाले. चार तास पाच मिनिटे. संकटकाळासाठी बाजाराची दुसरी, पर्यायी यंत्रणा होती. पण त्या दिवशी काम तिच्याकडे वळवले गेले नाही. पुढच्याच महिन्यात सेबीने नियम कडक केले. महत्त्वाची यंत्रणा बंद पडल्यास ३० मिनिटांच्या आत 'आपत्ती' जाहीर करायची आणि त्यानंतर ४५ मिनिटांत काम पूर्ववत करायचे.

यात मोजमापाच्या दृष्टीने एक महत्त्वाची गोष्ट आहे. सेबीने निर्णयाचा वेळ आणि दुरुस्तीचा वेळ वेगळे केले. बिघाडाचा काळ सलग दिसला, तरी त्याचे तीन-चार तुकडे असतात. बिघाड झाल्यापासून तो लक्षात येईपर्यंत, लक्षात आल्यापासून कारण समजेपर्यंत, त्यानंतर काय करायचे ते ठरेपर्यंत, आणि ठरल्यापासून सेवा परत मिळेपर्यंत. स्वयंचलित देखरेख पहिला तुकडा मिनिटांवरून सेकंदांवर आणू शकते. पण सगळा वेळ निर्णयात जात असेल, तर त्या सेकंदांनी काय साधणार? तुकडे वेगळे नोंदवले तरच यंत्रात सुधारणा हवी की कामाच्या पद्धतीत, ते समजते.

औषधाचाच अपाय

१९ जुलै २०२४ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीच्या सुरक्षा-प्रोग्रॅमने आपल्या ग्राहकांच्या संगणकांवर एक सदोष फाइल आपोआप धाडली. विंडोजवर चालणारे संगणक धडाधड बंद पडू लागले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार असे संगणक सुमारे ८५ लाख होते. आपल्याकडच्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले.

कंपनीने सदोष फाइल १० वाजून ५७ मिनिटांनी, म्हणजे ७८ मिनिटांत, मागे घेतली. कंपनीच्या नोंदवहीप्रमाणे पाहिले तर दुरुस्तीचा वेळ सव्वा तासाच्या आसपास! पण बंद पडलेला संगणक नवी फाइल घेणार कशी? बहुतेक ठिकाणी कोणीतरी त्या यंत्रापाशी जाऊन, ते विशेष स्थितीत सुरू करून, सदोष फाइल हाताने काढून टाकावी लागली. सहा दिवसांनी, २५ जुलैला, ९७ टक्क्यांहून अधिक यंत्रे पूर्ववत झाल्याचे कंपनीने सांगितले. दुरुस्ती पाठवणाऱ्याचे घड्याळ आणि ती मिळण्याची वाट पाहणाऱ्याचे घड्याळ यांतला हा फरक आहे. मोजायचे ते दुसऱ्या घड्याळाने.

स्वयंचलित व्यवस्थेने टाळलेले बिघाड आपण कौतुकाने मोजतो. तिने स्वतः केलेले बिघाड मात्र वेगळ्या खात्यावर जातात. दोन्ही एकाच वहीत, जमा आणि खर्च म्हणून, लिहिले पाहिजेत.

मोजायची राहून जाणारी गोष्ट

लिसान बेनब्रिज या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ साली एका निबंधात स्वयंचलनातील विसंगती दाखवून दिली. यंत्र सोपी कामे घेते आणि अवघड प्रसंग माणसासाठी ठेवते. पण सोपी कामे रोज करता करताच माणसाचा हात तयार होत असतो. तो सराव गेला की ऐन अडचणीच्या वेळी सर्वांत कठीण काम सर्वांत कमी सराव असलेल्या हातांत येते. मघाच्या उदाहरणातील २० गंभीर बिघाडांचा वेळ दोन वर्षांनी १०० मिनिटेच राहील, की १५० होईल? यासाठी संस्थांनी अधूनमधून ठरवून, सुरक्षित परिस्थितीत, स्वयंचलित व्यवस्था बंद ठेवून सराव घ्यावा आणि माणसांना किती वेळ लागला तो नोंदवावा. आग विझवण्याची कवायत आपण शाळेत घेतो, त्यातलाच हा प्रकार.

थोडक्यात, एका आकड्यावर भिस्त ठेवू नये. माणशी वाया गेलेला एकूण वेळ, वेळेचे वेगवेगळे तुकडे, व्यवस्थेने स्वतः घडवलेले बिघाड, आणि ती बंद असताना माणसांना लागणारा वेळ, या चार नोंदी मिळून खरे चित्र उभे राहते.

वर्गात करून पाहा

यातील बराचसा भाग संगणक नसलेल्या वर्गातही शिकवता येतो. विद्यार्थ्यांना महिनाभर गावातील वीज जाण्याची नोंद ठेवायला सांगावी. केव्हा गेली, केव्हा आली, आणि त्यामुळे कोणाचे कोणते काम अडले, असे तीन रकाने पुरेत. समजा, एका आठवड्यात वीज पाच वेळा गेली. २, ३, ४, ६ आणि १८५ मिनिटे. एकूण २०० मिनिटे, सरासरी ४० मिनिटे. चढत्या क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारी संख्या, म्हणजे मध्यक, फक्त ४. पाचांपैकी एकाही वेळी वीज ४० मिनिटांच्या जवळपास गेलेली नाही, हे विद्यार्थ्यांच्या लक्षात येते का ते पाहावे.

मग त्यांना विचारावे: वीज देणाऱ्याला यांतला कोणता आकडा छापायला आवडेल? पिठाच्या गिरणीवाला कोणता सांगेल? आणि ज्या घरात त्या १८५ मिनिटांत कोणी आजारी होते, त्या घरासाठी वहीत चौथा रकाना कोणता घालावा लागेल?