श्वासाचा आधार

सेलू हे परभणी जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. येथून जालना, मनमाड या मार्गाने मुंबईस जाणाऱ्या आगगाडीत नाना प्रकारचे प्रवासी चढतात. कोणी व्यापारासाठी निघालेला असतो, तर कोणी शिक्षणासाठी. त्यांतच कधी एखादी आजी असते. कागदपत्रांची पिशवी मांडीवर घट्ट धरून ती खिडकीशी बसते. तिला कर्करोग झालेला असतो आणि ती परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात उपचारांसाठी चाललेली असते. गाडी रात्रभर धावते; पण आजीचा डोळा लागत नाही. तिच्या छातीत धडधडते, हातपाय गार पडतात, घास घशाखाली उतरत नाही. रोग तर एका ठिकाणी आहे. मग सर्व शरीर असे का व्याकूळ व्हावे?

याचे उत्तर आपल्या मज्जासंस्थेत आहे. मेंदू, मज्जारज्जू आणि सर्व शरीरभर पसरलेले मज्जातंतू मिळून ही संस्था बनते. हात उचलणे, बोलणे ही कामे आपण इच्छेने करतो. परंतु हृदयाचे ठोके, अन्नाचे पचन, घाम येणे ही कामे आपण न सांगताच चालतात. ती पाहणाऱ्या भागास स्वायत्त मज्जासंस्था म्हणतात. तिच्या दोन प्रमुख शाखा आहेत. एक अनुकंपी व दुसरी परानुकंपी.

कापसाच्या शेतात वेचणी चालू असता एकाएकी पायाशी साप दिसला, तर काय होते? विचार करण्यापूर्वीच आपण मागे उडी घेतो. हृदय वेगाने धडधडू लागते, श्वास जलद होतो, तोंडाला कोरड पडते. ही अनुकंपी शाखेची करणी होय. संकटातून निसटण्यासाठी ती शरीरास सज्ज करते. साप निघून गेला म्हणजे परानुकंपी शाखा आपले काम वाढविते. ठोके मंदावतात, पोटाचे काम पूर्ववत् चालू होते आणि शरीरास विसावा मिळतो. बैलगाडीच्या दोन बैलांप्रमाणे या शाखांनी एकमेकींस सांभाळून चालावयाचे असते.

कर्करोग्याच्या बाबतीत मात्र हा साप निघून जातच नाही. ‘माझे कसे होईल? घरचे कसे चालेल?’ ही चिंता रात्रंदिवस समोर उभी असते. त्यामुळे अनुकंपी शाखा सतत जागी राहते. झोप उडते, भूक मंदावते, थकवा वाढतो. पूर्वीच्या औषधांनी मळमळ झाली असेल, तर पुढच्या खेपेस रुग्णालयाचा वास येताच कित्येकांना मळमळू लागते; कारण मज्जासंस्था जुना अनुभव विसरत नाही. शिवाय कर्करोगावरील काही औषधांनी हातापायांच्या मज्जातंतूंनाच इजा पोहोचते. मग बोटांना मुंग्या येतात आणि पावले बधिर होतात.

या ठिकाणी योगाचा उपयोग होऊ शकतो. हृदयाचे ठोके आपण हुकूम करून कमी करू शकत नाही. श्वास मात्र आपोआपही चालतो आणि इच्छेनेही चालविता येतो. म्हणून स्वायत्त मज्जासंस्थेच्या घरात शिरण्याचे ते एक दारच आहे. मेंदूच्या तळापासून निघून मान, छाती व पोट यांपर्यंत पसरलेला व्हेगस नावाचा एक मज्जातंतू आहे. परानुकंपी शाखेचे बरेचसे काम तोच करतो. श्वास बाहेर सोडताना हृदयावर त्याचा अंमल वाढतो आणि ठोके किंचित मंदावतात; आत घेताना ते किंचित जलद होतात. मनगटावर बोटे ठेवून शांत बसा व सावकाश श्वास घ्या. हा फरक कित्येकदा तुमच्याही प्रत्ययास येईल. उच्छ्वास श्वासापेक्षा थोडा लांबविला, तर विसाव्याची शाखा अधिक काम करते, असे म्हणतात ते याचसाठी.

योगाची अशी शास्त्रीय कसोटी घेण्याचे कार्य महाराष्ट्रातच फार लवकर सुरू झाले. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम ही संस्था स्थापिली. त्यांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. योगाचे फळ केवळ श्रद्धेने न मानता ते उपकरणांनी तपासावे, असा त्यांचा आग्रह होता. उड्डीयान, नौली यांसारख्या क्रियांच्या वेळी शरीरात काय घडते, हे त्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने पाहिले. आपले निष्कर्ष ते ‘योगमीमांसा’ या नियतकालिकातून प्रसिद्ध करीत. टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. अलीकडे तेथील डॉक्टरांनी स्तनाचा कर्करोग झालेल्या ८५० स्त्रियांचा दीर्घ अभ्यास केला व त्याचे निष्कर्ष २०२२ साली मांडले. या अभ्यासातील एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. योग हा नेहमीच्या उपचारांच्या जोडीला दिला होता, त्यांच्या जागी नव्हे.

हा भेद फार महत्त्वाचा आहे. योगाने कर्करोगाची गाठ विरघळत नाही. ‘आसने करा, औषधांची गरज नाही,’ असे कोणी सांगितले व रुग्णाने उपचार सोडले, तर रोगास वाढण्यास अवसर मिळतो आणि गेलेला काळ परत येत नाही. शस्त्रक्रिया, औषधे, किरणोपचार ही रोगाशी लढण्याची साधने होत. चिंता कमी व्हावी, झोप लागावी, थकवा सुसह्य व्हावा आणि त्यायोगे उपचार अखेरपर्यंत पार पडावेत, एवढ्यासाठी योगाचे साहाय्य घ्यावयाचे असते.

रुग्णाचा योग हा निरोगी मुलाच्या योगाहून निराळा असतो. खुर्चीवर बसून अथवा गुडघ्यांखाली उशी ठेवून उताणे पडावे. मनात तीन अंक मोजीत श्वास घ्यावा व पाच अंक मोजीत तो सोडावा. मध्ये श्वास कोंडू नये. चार-पाच मिनिटे पुरेत. चक्कर आल्यास थांबावे. पावले बधिर असतील, तर भिंतीचा आधार घेतल्यावाचून उभ्याने आसन करू नये. हाडे ठिसूळ झाली असतील, किंवा शस्त्रक्रियेची जखम ओली असेल, तर शरीरास पीळ देणारी आसने वर्ज्य होत. शीर्षासन किंवा जोराची कपालभाती यांचा हट्ट धरू नये. काहीही आरंभिण्यापूर्वी उपचार करणाऱ्या डॉक्टरांस विचारावे आणि जाणत्या शिक्षकाकडूनच शिकावे.

आता त्या आगगाडीतील आजीकडे पुन्हा वळू. तिचा नातू शेजारी बसला आहे. ‘घाबरू नकोस,’ असे नुसते म्हटल्याने भीती जात नाही, हे तो जाणतो. म्हणून तो आजीचा हात हाती घेतो आणि हळू आवाजात अंक मोजू लागतो. आजी त्या अंकांबरोबर श्वास घेते, सोडते. आजार गेलेला नाही, रुग्णालयही टळलेले नाही. परंतु मनमाड येईपर्यंत तिचे डोळे मिटू लागतात. उद्याच्या उपचारांस सामोरे जाण्यासाठी एवढी विश्रांतीही मोलाची आहे.