हिरवट काचेची पस्तीस वर्षं

निन्टेन्डोचा पहिला गेम बॉय अंधारात खेळता येत नसे. दिवेलागण झाली की दिव्याखाली सरकायचं, गाडीच्या मागच्या सीटवर असाल तर रस्त्यावरचा एकेक खांब येईल तेवढ्या उजेडात चाल उरकायची, आणि एरवी डाव्या कडेची कॉन्ट्रास्टची चकती पुढेमागे फिरवत बसायचं. जपान-अमेरिकेत एक अख्खी पिढी असं डोळे ताणून मोठी झाली. आपल्याकडे त्या काळात घरोघरी पोहोचला तो ब्रिक गेम. त्यावर ‘9999 इन 1’ असं ऐटीत छापलेलं असे आणि आत बहुतेक टेट्रिसचीच भावंडं. त्यालाही दिवा नव्हता, पण ठोकळा एक तर काळा नाही तर गायब, मधल्या छटाच नाहीत, त्यामुळे कुणाचं फारसं अडलं नाही. खरा गेम बॉय आलाच तर दुबईच्या नाही तर अमेरिकेतल्या नातलगाच्या बॅगेतून यायचा.

हा गेम बॉय जपानमध्ये एप्रिल 1989 मध्ये विक्रीला आला. त्याची स्क्रीन 160 गुणिले 144 ठिपक्यांची, छटा चार, आणि पार्श्वभूमी पिकत चाललेल्या लिंबासारखी हिरवट-पिवळी. काच स्वतः उजेड देत नाही. बाहेरून आलेला उजेड मागच्या चंदेरी थरावर आपटून परत येतो, त्यावर चित्र दिसतं. त्या वेळी याहून चांगली काच मिळत होती आणि निन्टेन्डोला ते माहीत होतं. निन्टेन्डोचे रचनाकार गुनपेई योकोई यांनी ती मुद्दाम घेतली नाही. जे तंत्र जुनं होऊन स्वस्त झालंय, ज्याच्या खोडी सगळ्यांना पाठ आहेत, तेच नव्या कामाला जुंपायचं, ही त्यांची पद्धत. 1980 चे ‘गेम अँड वॉच’ त्यांनी कॅल्क्युलेटरच्या काचांवरच उभे केले होते.

प्रतिस्पर्ध्यांनी उलटा रस्ता धरला. अटारीचा लिंक्स त्याच वर्षी रंगीत, मागून उजळलेल्या स्क्रीनसह आला. सेगाचा गेम गिअर 1990 मध्ये. दुकानात शेजारी ठेवले तर गेम बॉय अगदी केविलवाणा दिसायचा. पण लिंक्स सहा पेन्सिल सेल चार-पाच तासांत संपवायचा, गेम गिअरची भूकही तशीच, आणि गेम बॉय चार सेलवर सहज पंधरा तासांच्या वर चालायचा. अमेरिकेत तो सुमारे 90 डॉलरला होता, लिंक्स त्याच्या दुप्पट. गेम बॉय आणि पुढचा गेम बॉय कलर मिळून 11 कोटी 86 लाखांवर नग खपले. गेम गिअर एक कोटीच्या आसपास थांबला. स्क्रीनच्या तुलनेत हरलेलं यंत्र बाजारात जिंकलं, हे जुन्या यंत्रांत स्वतः फेरफार करणाऱ्या आजच्या मॉडरांनीही विसरू नये, कारण सेलचा हिशोब पुढे पुन्हा आडवा येतो.

दिव्याची उणीव आधी बाहेरून भरायचे प्रयत्न झाले. ‘लाइट बॉय’ नावाचं भिंग स्क्रीनवर बसायचं, दोन्ही बाजूंना बल्ब. पुढे गेम बॉय कलरच्या केबलच्या खोबणीतूनच वीज घेणारा, सापासारखा वळणारा ‘वर्म लाइट’ आला. दोन्हींचा उजेड काचेवर एका जागी चकाकायचा आणि नेमकी तिथलीच चाल दिसायची नाही. निन्टेन्डोने 1996 च्या गेम बॉय पॉकेटला हिरवट छटा काढून जवळपास खरी काळी-पांढरी काच दिली, 1998 मध्ये गेम बॉय लाइटला मागून निळसर-हिरवा उजेडही दिला. पण हा लाइट जपानबाहेर विकलाच नाही. त्याच वर्षीच्या गेम बॉय कलरने रंग आणले, दिवा नाही.

हे सगळं लोकांनी चालवून घेतलं. चालवून घेतलं नाही ते 2001 च्या गेम बॉय अॅडव्हान्सला. 240 गुणिले 160 ची रुंद, रंगीत स्क्रीन, आतला प्रोसेसर 32 बिटांचा, आणि चित्र मात्र कोळशाच्या खाणीत काढल्यासारखं. पहिल्याच लाटेत कोनामीचा ‘कॅसलव्हेनिया: सर्कल ऑफ द मून’ आला. किल्ला, तळघरं, वटवाघळं, सगळा काळोखाचाच मामला. तो खिडकीशी बसूनही धड दिसत नव्हता आणि त्यावरून कोनामीला भरपूर ऐकून घ्यावं लागलं. 2002 चा पुढचा भाग ‘हार्मनी ऑफ डिसोनन्स’ त्यांनी इतका भडक रंगवला की नायकाभोवती निळी कडा लखलखत होती. ही भडक रंगवणी लक्षात ठेवा, तिच्यावर मी पुन्हा येणार आहे.

मॉडिंगचा हात खऱ्या अर्थाने बसला तो याच यंत्रावर. 2002 मध्ये ट्रायटन लॅब्जने ‘आफ्टरबर्नर’ नावाचं किट विकायला काढलं: काचेच्या पुढे बसणारी पारदर्शक पट्टी, तिच्या कडेला दिवा. यंत्र उघडायचं, आतलं प्लॅस्टिक कानशीने घासून जागा करायची, चकाकी मारणारी फिल्म बुडबुडे न येऊ देता चिकटवायची, दोन तारा सोल्डर करायच्या. फिल्मखाली धुळीचा एक कण राहिला तरी दिवा लावल्यावर तो आकाशातल्या ताऱ्यासारखा चमकायचा, आणि कण राहायचाच. वाफ कोंडल्यावर धूळ खाली बसते म्हणून लोक गरम पाण्याचा नळ सोडून बाथरूममध्ये ही जोडणी करत. एका कंपनीने वाचवलेला दिवा तिच्या गिऱ्हाइकांनी न्हाणीघरात बसवला, हे मला त्या काळाचं सगळ्यात खरं चित्र वाटतं.

निन्टेन्डोला निरोप पोहोचला. फेब्रुवारी 2003 मध्ये घडीचा गेम बॉय अॅडव्हान्स एसपी आला. त्याच्या पहिल्या आवृत्तीत, म्हणजे एजीएस-001 मध्ये, उजेड पुढूनच पडतो. चित्र दिसतं, पण फिकुटलेलं. 2005 मध्ये अमेरिकेत निघालेल्या एजीएस-101 मध्ये मात्र काचच बदलली आणि उजेड मागून आला. दोन्ही शेजारी ठेवा, सांगावं लागत नाही कोणता कोणता. आजही जुना एसपी विकत घेताना मागच्या लेबलवर विसंबू नका, लेबल आणि कवच दोन्ही बदलता येतात. मधलं दिव्याचं बटण दाबा. दिवा पूर्ण विझला तर 001. फक्त मंद-प्रखर होत राहिला तर 101.

मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की ही 101 ची काच काढून मूळ अॅडव्हान्सच्या आडव्या, हाताला बरोबर बसणाऱ्या कवचात घालता येईल. मधे एक छोटी रिबन केबल लागते, कारण जोडणी सरळ जुळत नाही; आणि अॅडव्हान्सच्या बोर्डावर कधी 40 पिनांचा सॉकेट असतो, कधी 32 पिनांचा, म्हणून केबल मागवण्याआधी यंत्र उघडून पाहायचं. कित्येक वर्षं हा मॉड म्हणजे शेवटचा शब्द होता. त्यापायी किती धडधाकट एसपी काचेसाठी सोलले गेले कोण जाणे. दात्यांची रांग आटत गेली तशी 101 ची किंमत चढत गेली.

पहिल्या हिरवट गेम बॉयची कथा दरम्यान वेगळ्याच लोकांच्या हातात होती. नॅनोलूप आणि एलएसडीजे या संगीत रचायच्या कार्ट्रिजांमुळे तो वाद्य झाला होता, आणि हे वाद्य वाजवणाऱ्यांना अंधाऱ्या मंचावर पडदा दिसणं गरजेचं होतं. गेमरांना दिव्याची हौस, यांना नड. त्यांनी बॅकलाइटचा जो मॉड रूढ केला, तो मला सगळ्या मॉडांत देखणा वाटतो, म्हणून जरा जवळून सांगतो.

काचेच्या मागे चंदेरी थर आणि पोलरायझर नावाची फिल्म एकमेकांना चिकटून बसलेले असतात. कोपऱ्यात पाते तिरपं घालून ते दोन्ही एकदम सोलायचे. घाई केली तर काच तडकते किंवा कडेची रिबन उखडते, म्हणून पाते काचेला समांतर ठेवून, इंच-इंच. मागे उरलेला डिंक आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसायचा. हे काम सोलण्याहून कंटाळवाणं. मग दिव्याची पातळ चकती आणि पोलरायझरचा नवा तुकडा मधे सरकवायचा. इथे गंमत आहे. तो तुकडा हातात धरून काचेमागे नव्वद अंशांत फिरवला की चित्र डोळ्यांदेखत उलटतं, काळं ते उजळ आणि उजळ ते काळं. उलटं ठेवलं तर चित्र जास्त ठसठशीत दिसतं, पण निगेटिव्ह. तेव्हा काही जणांनी चित्राचे संकेत काचेपर्यंत पोहोचण्याआधीच उलटवणारी एक साधी चिप मधे बसवली. दोनदा उलटल्यावर चित्र सुलट, आणि ठसठशीतपणा तसाच राहिला. याला ‘बायव्हर्ट’ म्हणतात. अगदी स्वस्त चिपेत एवढं साधलेलं पाहून योकोईंना बरं वाटलं असतं.

याच काचेचं एक दुखणंही सांगतो. जुन्या गेम बॉयवर उभ्या पट्ट्या गायब झालेल्या दिसतात आणि लोक काच मेली म्हणून यंत्र भंगारात देतात. बहुतेक वेळा काच जिवंत असते. खालच्या कडेची रिबन जिथे चिकटवलीय तिथला विजेचा सांधा सैल झालेला असतो. सोल्डरिंग आयर्नचं टोक त्या कडेवरून हलकेच फिरवलं की डिंक पुन्हा धरतो आणि एकेक रेघ परत येते.

साधारण 2019 पासून शेन्झेनच्या बाजूने आयपीएस किटांचा ओघ सुरू झाला आणि ही सगळी कारागिरी एका फटक्यात मागे पडली. मोबाइलसारखी झगझगीत काच, सोबत चित्र मोठं करणारा छोटा बोर्ड, आणि आता तर कवचही कापलेलंच मिळतं. मूळ 240 गुणिले 160 चं चित्र बरोबर दुप्पट केलं तर 480 गुणिले 320, तिप्पट केलं तर 720 गुणिले 480. पूर्ण पट असला की प्रत्येक ठिपका सारखा. अर्धवट पट असला की काही ओळी जाड, काही बारीक, आणि टेट्रिसचे ठोकळेसुद्धा बेढब. तुलना करणाऱ्याने सगळ्यात आधी हे पाहावं, झगमगाट नंतर. सेल लवकर संपतात, काही किटांत स्पीकरमधून बारीक शिट्टी येते. तरी जो एकदा आयपीएस लावतो तो मागे फिरत नाही, अशीच समजूत होती.

फिरले मात्र बरेच जण, आणि तेही तुलना करता करता. शेजारी-शेजारी ठेवून फोटो काढायचा छंद लागला तेव्हा काही गोष्टी नजरेत खुपायला लागल्या. ‘हार्मनी ऑफ डिसोनन्स’चे रंग नव्या काचेवर कपाळात जातात. ते अंधाऱ्या काचेला भेदून दिसावेत म्हणून भडक रंगवले होते. काच उजळली आणि रंगांचा मेळच गेला. जुन्या काचा सुस्त होत्या, एक चित्र पुसलं जाण्याआधी दुसरं यायचं. खेळ लिहिणाऱ्यांनी या सुस्तीचाही उपयोग करून घेतला होता. टी अँड ई सॉफ्टच्या 1992 च्या ‘झॅस’ या विमानांच्या खेळात एक चित्र एका फ्रेमला, दुसरं पुढच्या फ्रेमला दाखवलं जातं. जुन्या काचेवर दोन्ही मिसळून पारदर्शक थर आणि चारांपेक्षा जास्त छटा दिसतात. तेज आयपीएसवर तोच खेळ नुसता फडफडतो. शिवाय गेम बॉय सेकंदाला 60 नव्हे, 59.73 चित्रं काढतो, आणि किटाचा बोर्ड ठरीव 60 वर चालत असेल तर सरकत्या चित्रात अधूनमधून फाट पडते.

आणि ऊन. खोलीत आयपीएस पहिला, 101 दुसरा, 001 तिसरा, मूळ अॅडव्हान्स शेवटचा. गच्चीवर दुपारी हीच रांग घेऊन जा: आयपीएस मिचमिच्या डोळ्यांनीही वाचवत नाही, आणि मूळ अॅडव्हान्स, ज्याला सगळ्यांनी नावं ठेवली, तो ऊन पिऊन फुलतो. 2003 चा ‘बोकताई’ हा हिदेओ कोजिमांचा खेळ तर कार्ट्रिजवर प्रकाशाचा सेन्सर घेऊनच आला होता. ऊन लागल्याशिवाय त्यातलं शस्त्र भरतच नाही. तो खेळायला मूळ काचेइतकी सोयीची काच नाही.

यानंतरची नवी यंत्रं बघितली तर बनवणाऱ्यांनी हे सगळं ऐकलेलं दिसतं. डिसेंबर 2021 मध्ये आलेल्या अॅनालॉग पॉकेटची स्क्रीन 1600 गुणिले 1440 ची, म्हणजे गेम बॉयच्या बरोबर दहापट. एका ठिपक्यासाठी शंभर ठिपके हाताशी आल्यावर त्यांनी काय केलं? जुन्या काचेवरची ठिपक्यांमधली जाळी, हिरवट छटा आणि दोन फ्रेम मिसळायची सोय, सगळं नव्याने रंगवून दिलं. 2024 च्या मॉडरेट्रो क्रोमॅटिकने त्याहून सरळ वाट धरली आणि मागून उजळलेली काच मुळातच 160 गुणिले 144 ची बनवून घेतली. मोठं करायचा प्रश्नच नाही, जाळी आपोआप.

मला विचाराल तर नेहमीच्या खेळाला 101 ची काच अजून पुरते. तिच्यात भडकपणा नाही आणि अंधारही नाही. आयपीएस लावायचंच असेल तर पूर्ण पटीचं किट घ्या आणि उजेड मध्यावर ठेवा, सेलही टिकतील. अॅनालॉग पॉकेटवर हिरवट जाळी बहुतेक खेळांत चार दिवसांची हौस ठरते. फ्रेम मिसळायची सोय मात्र ‘झॅस’ लावताना सुरू करा आणि तो संपला की बंद करा. आणि यंत्रातून मूळ काच काढली तर ती बबल रॅपमध्ये गुंडाळून, रिबन न दुमडता, डब्यात ठेवा. ती आता कुठल्याच कारखान्यात निघत नाही.