जित्या माणसाचा फोटो

परंडा, भूम, कळंब या भागातल्या साध्या शेतकरी घरात बाईचे एकटीचे फोटो किती असतात? लग्न ठरवताना काढलेला एक, आधार कार्डावरचा एक. तिसरा निघतो तो ती गेल्यावर. कुणाच्या तरी लग्नाच्या ग्रुप फोटोतून चेहरा कापून घेतात, तालुक्याच्या स्टुडिओत मोठा करतात, फ्रेम करून त्याला हार घालतात. म्हणून स्तनाच्या कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या बायकांचे फोटो काढायला मी जाऊ लागले, तेव्हा लाजेच्याही आधी ही भीती आडवी आली. “जित्या माणसाचा एवढा मोठा फोटो कशाला ओ, ताई?” एका मावशींनी विचारलं. त्यांच्या सासूबाईंनी तर अपशकुन म्हणून हात झटकले. तेव्हापासून मी फोटो फ्रेम करून देत नाही. जाड कागदावर, वहीच्या पानाएवढा, हातात धरून दुसरीला दाखवता येईल असा देते.

कॅमेरा लगेच बाहेर निघत नाही. आधी चहा होतो, मग फाइल येते. प्रत्येकीकडे ती असते, प्लॅस्टिकच्या पिशवीत, धान्याच्या कोठीमागे किंवा ट्रंकेत ठेवलेली. बायोप्सीचा रिपोर्ट, एक्स-रे, केसपेपर. वाचता न येणाऱ्या बाईलाही कुठला कागद कशाचा ते ठाऊक असतं. “हे गाठ काढल्याचं, हे सलाईनचं, हे शेकाचं.” केमो म्हणजे सलाईन आणि रेडिएशन म्हणजे शेक. मी प्रत्येक कागद नीट बघते. फाइल बघून झाल्याशिवाय चेहऱ्याकडे कॅमेरा रोखणं मला बरं वाटत नाही.

पत्र्याच्या घरात खिडकी असेलच असं नाही, पण दार असतं. उंबऱ्याच्या आत हातभर अंतरावर बसवलं, की अंगणातून परतून आलेला उजेड चेहऱ्यावर एका बाजूनं मऊ पडतो. फ्लॅश मी वापरत नाही. त्यानं कपाळ चकाकतं आणि डोळे दिपतात.

बसल्यावर हात हलू लागतो. स्तन काढलेल्या बाजूला ब्लाउजमध्ये रुमालाची घडी किंवा कापसाची गुंडाळी असते. ती हलकी, त्यामुळे सारखी वर सरकते. मग दुसरा हात पदराखालून जातो, ब्लाउज खाली ओढतो, पदर सारखा करतो. बाई बोलत असते सोयाबीनच्या भावाबद्दल आणि हात आपलं काम करून परत मांडीवर येतो. वर्षानुवर्षं हे चाललंय, घरातल्यांच्याही लक्षात आलेलं नाही. एका काकूंनी मध्येच उठून घडी काढून ठेवली आणि पुन्हा येऊन बसल्या. “हाय तसं असू द्या.” त्या फोटोत पदर एका बाजूनं सपाट उतरतो. त्यांनीच तो निवडला.

आजाराची खूण दिसते अशी दुसरी जागा मनगटाची. ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या, की काहींच्या हातातला द्रव नीट वाहत नाही आणि हात सुजतो. त्या हातात काचेच्या बांगड्या चढत नाहीत. एका हातात हिरवा चुडा आणि दुसरं मनगट मोकळं. नवरा शेजारी बसलेला असताना मोकळ्या मनगटाचं किती ओझं होतं, हे आपल्याकडच्या बाईला वेगळं सांगावं लागत नाही. स्टुडिओवाले हात बारीक करून देतात, चेहराही गोरा करून देतात. मी दोन्ही करत नाही. मोबाइलच्या सेल्फीत कधी कधी डावं-उजवं उलटतं आणि ऑपरेशनची बाजूच बदलते, म्हणून तसे फोटोही घेत नाही. ज्या बाजूला तिनं सोसलं, तीच बाजू कागदावर हवी.

जगात असे फोटो आधी निघालेत. 1982 साली ब्रिटिश फोटोग्राफर जो स्पेन्स ऑपरेशनला जाताना स्वतःच्या स्तनावर ‘ही मालमत्ता जो स्पेन्सची?’ असं लिहून त्याचा फोटो घेऊन गेली. 1993 च्या ऑगस्टमध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स मॅगझिन’च्या मुखपृष्ठावर मटुश्का या कलावतीनं छातीवरचा व्रण उघडा ठेवून काढलेला स्वतःचा फोटो आला आणि वाचकांच्या पत्रांचा पाऊस पडला. मला दोघींबद्दल मोठा आदर आहे. पण व्रण दाखवण्याची गरज तिथली होती. आपल्याकडे बाईला पहिला प्रश्न पडतो तो, यातून माणूस वाचतं का? त्याला उत्तर अंगभर पदर घेतलेली, खुरपं हातात धरलेली, ऑपरेशनला दहा वर्षं झालेली बाईच देऊ शकते. तिचा व्रण झाकलेलाच राहिला तरी चालेल.

समोर बसून सांगण्यानं फरक पडतो, याला आपल्याच भागातला आधार आहे. 1987 साली टाटा मेमोरियलच्या साथीनं बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलात देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शीबरोबर आपले परंडा आणि भूम हे तालुके तिच्यात होते. डॉ. कस्तुरी जयंत आणि डॉ. भगवान नेने यांच्या माणसांनी गावोगाव फिरून रुग्ण नोंदवले आणि आजाराबद्दल बायकांशी ते बोललेही. 1995 मध्ये त्यांनी मांडलं, की नुसत्या या बोलण्यानं गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर दवाखान्यात येऊ लागल्या. पुढे 1999 पासून आपल्या, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या तीस ते एकोणसाठ वयाच्या 1,31,000 हून जास्त बायका एका तपासणी-अभ्यासात आल्या. एचपीव्ही या विषाणूची एकच तपासणी केलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले, हे 2009 साली जगानं वाचलं. जगाच्या वैद्यकशास्त्राला ‘उस्मानाबाद’ हे नाव या बायकांमुळे कळलं. तिथं त्या आकड्यांत आहेत. त्यांचे चेहरे त्यांच्या शेजारणींनी तरी बघावेत, असं मला फार मनापासून वाटतं.

फोटोला नकारही येतात, आणि बहुतेकदा कारण एकच असतं: पोरीचं लग्न व्हायचंय. आईला हा आजार होता हे कळलं, की स्थळ मागे फिरतं. खरं तर शंभरातल्या पाच-दहा रुग्णांतच तो वारशानं आलेला असतो, पण सोयरीक जुळवताना हे कोण ऐकून घेतं? अशा वेळी मी फक्त हातांचा फोटो काढते, नाहीतर पाठमोरा. संमतीचा कागद मी मोठ्यानं वाचून दाखवते. फोटो व्हॉट्सॲपवर जाणार नाही, कुठल्या गावात दाखवायचा नाही ते ती सांगेल, आणि उद्या तिनं ‘नको’ म्हटलं तर तो परत तिच्या हातात येईल.

गावच्या आरोग्याचं बघणाऱ्या आशाताईंच्या बैठकीत हे फोटो हातोहात फिरतात. बायका व्रणाबद्दल सहसा विचारत नाहीत. त्या विचारतात, गाठ दुखत होती का? (सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही, आणि म्हणूनच ती अंगावर काढली जाते.) केस परत आले का? पैसे किती गेले? मग उपचारांच्या खर्चासाठीच्या महात्मा फुले योजनेचं, रेशनकार्डाचं बोलणं निघतं. फोटोतली बाई तिथंच बसलेली असेल तर उत्तरं तीच देते, मला बोलावं लागत नाही. “दुखत न्हवती, म्हणून तर वरीसभर गप बसले,” असं तिनं सांगितलं, की बैठक संपल्यावर एखादी आशाताईला बाजूला घेते आणि आपल्या काखेकडे हात नेते.